‘सगळ्यांनी मनावर घेतले तर’

पर्यावरणाचा विषय निघाला आणि बोलणे थोडे लांबले, की ते बहुधा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : ‘सगळ्यांनी मनावर घेतले तर सहज होईल, पण सगळे कुठे मनावर घेणार?’ बोलणारा पुष्कळ शिकलेला असो वा नसो, विशीतला असो वा सत्तरीतला, हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येतेच; त्यावर माना डोलतात आणि मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळतात. वाक्यात निराशा आहे, पण तिच्याविषयी माझी तक्रार नाही, कारण निराश व्हावे असे पुष्कळ काही भोवती आहे. मला कुतूहल आहे ते त्या वाक्यात न बोलता गृहीत धरलेल्या गोष्टीचे. समाज म्हणजे माणसांची बेरीज, समाजातला बदल म्हणजे एकेका माणसाच्या मनात झालेल्या बदलांची बेरीज, आणि ती बेरीज पुरी होईपर्यंत काहीही घडणे शक्य नाही, असा एक अख्खा सिद्धांत त्यात बसलेला आहे. तो कोणी शिकवलेला नाही, कोणी तपासलेला नाही, आणि तरीही आपण पुढे काय करणार आणि काय करणार नाही, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, म्हणजेच शाश्वत विकास, ही कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली जगापुढे मांडली. पर्यावरणाच्या प्रश्नांविषयी सामान्य माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही, याची मोजणी गेली काही दशके अखंड चालू आहे. हवामानबदल होतो आहे हे त्याला पटते का, तो माणसामुळे होतो हे ठाऊक आहे का, ओझोनच्या थराचा प्रश्न आणि तापमानवाढीचा प्रश्न तो एकमेकांत मिसळतो का, असे प्रश्न देशोदेशी विचारले गेले आणि त्यांतून उपयोगाचे पुष्कळ हाती आले. परंतु समाज एका राहणीकडून दुसऱ्या राहणीकडे नेमका कसा जातो, याविषयी त्या माणसाची समजूत काय आहे, हे त्या मानाने फार कमी वेळा विचारले गेले. आणि माझ्या मते आज खरी अडचण तिथेच आहे. कारणांविषयीचे ज्ञान बऱ्यापैकी पसरले आहे, बदलाच्या रीतीविषयीचे चित्र मात्र अजून कच्चे आहे, आणि हा कच्चेपणा उच्चशिक्षितांतही तितकाच आढळतो.

अशा घरगुती सिद्धांतांना कमी लेखू नये, हे विलेट केम्प्टन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ साली एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या विषयातून दाखवून दिले. थंड प्रदेशातल्या घरांत तापमान नेमून देणारा थर्मोस्टॅट असतो. नेमलेले तापमान येईपर्यंत भट्टी चालू ठेवायची आणि मग ती बंद करायची, एवढेच काम तो करतो. केम्प्टनने ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांतल्या अनेकांची समजूत मात्र निराळी होती : आकडा जितका वर न्यावा तितकी भट्टी जोरात चालते आणि घर तितके लवकर तापते. समजूत चुकीची खरी, पण ती बाळगणाऱ्यांचे काही अडत नव्हते, आणि रात्री आकडा खाली आणून इंधन वाचवण्याच्या बाबतीत ही चुकीची समजूत माणसाला योग्य वागणुकीकडेच नेऊ शकते, असे त्याचे निरीक्षण होते. तेव्हा एखादा लोकसिद्धांत शास्त्रशुद्ध आहे की नाही, यापेक्षा तो माणसाला कोणत्या बाजूला ढकलतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. ‘सगळ्यांनी मनावर घेतले तर’ हा सिद्धांत माणसाला स्वस्थ बसण्याकडे ढकलतो, म्हणून त्याची झडती घेणे भाग आहे.

त्याची एक अनपेक्षित परीक्षा २०२० साली झाली. महासाथीच्या भीतीने आणि सरकारी आदेशांनी जगातल्या कोट्यवधी माणसांनी एकाच वेळी प्रवास थांबवला, खरेदी आवरली, विमाने जमिनीवर उभी राहिली. इतक्या मोठ्या प्रमाणावर इतक्या थोड्या अवधीत माणसांचे वागणे बदलल्याचे दुसरे उदाहरण निदान आधुनिक काळात सापडणार नाही. त्या वर्षी जीवाश्म इंधनांतून होणारे कार्बन डायऑक्साइडचे जागतिक उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी उतरले, आणि पुढच्याच वर्षी ते जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर परतले. वीजकेंद्रे चालू होती, पोलाद आणि सिमेंटचे कारखाने थोड्या खंडानंतर पुन्हा धडधडू लागले होते, घरे तापवणे आणि थंड करणे थांबलेले नव्हते. म्हणजे ‘सगळ्यांनी’ खरोखरच वागणे बदलले, तरी ज्या यंत्रणेच्या आत राहून ते बदलले ती यंत्रणा तशीच राहिली, तर हाती काय लागते, याचा हिशेब आपल्यापुढे आला. त्यातून निघालेला निष्कर्ष लोकांनी कसा काढला, हे मला जास्त बोधप्रद वाटते. काहींनी म्हटले, ‘एवढे करूनही पाचच टक्के, मग प्रयत्न कशाला?’ काहींनी म्हटले, ‘माणूस घरात बसला की निसर्ग सावरतो.’ दोघांनाही बेरीज मान्यच होती. त्यांचे मतभेद फक्त उत्तराच्या आकड्याविषयी होते.

या सिद्धांताला एक नैतिक अस्तरही आहे. शाझीन अत्तारी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५०५ जणांना विचारले, की ऊर्जा वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग कोणता. जास्त कार्यक्षम उपकरणे बसवणे हा मार्ग तुलनेने थोड्यांना सुचला. बहुसंख्यांनी दिवे बंद करणे, वापर आवरणे अशा काटकसरीच्या गोष्टी सांगितल्या. शिवाय कमी वीज खाणाऱ्या वस्तूंचा खर्च लोक फार तर थोडा वाढवून सांगत, पण भरपूर वीज खाणाऱ्या वस्तूंचा खर्च ते फारच कमी धरत. यात अज्ञान आहे, हे उघड आहे. पण मला त्यात आणखी काही दिसते. दिवा बंद करण्यात संयम आहे, जागरूकता आहे, थोडा त्याग आहे. भिंतीत उष्णतारोधक थर भरण्यात यातले काहीच नाही, ते एकदा कारागिराकडून करून घेतले की विसरून जाण्याचे काम आहे. आपण शाश्वत राहणीकडे माणसाच्या शीलाची कसोटी म्हणून पाहतो, आणि ज्या उपायात शीलाचा कस लागत नाही तो आपल्याला उपायच वाटत नाही.

माणशी कार्बनचा हिशेब करण्याची जी पद्धत आज सर्वांच्या तोंडी आहे, ती २००० नंतरच्या दशकात बीपी या तेल कंपनीने आपल्या जाहिरातींतून आणि स्वतःच्या गणकयंत्रातून मोठ्या प्रमाणावर पसरवली, ही गोष्ट आता पुष्कळांना ठाऊक झाली आहे. ती सांगताना सहसा सूर असा असतो, की भोळ्या जनतेला कंपनीने गंडवले. मला हे अर्धेच खरे वाटते. जबाबदारी ग्राहकावर ढकलण्यात तेल विकणाऱ्याचा फायदा होता, यात शंका नाही. परंतु लोकांनी ती कल्पना इतक्या सहज उचलली, याचे कारण समाज बदलण्याविषयीचा त्यांचा आधीचाच समज तिला जुळणारा होता. जाहिरातीने त्या समजाला आकडे पुरवले, एवढेच.

बेरजेच्या सिद्धांताला धरूनच आणखी एक समज चालतो. एखाद्या समाजाने काही वेगळे करून दाखवले, की ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असे म्हणून तो विषय मिटवला जातो. नेदरलँड्समधल्या सायकलींविषयी जगभर असेच बोलले जाते, जणू तिथली माणसे सायकलीवरच जन्माला येतात. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत तिथेही मोटारींनी रस्ते भरले, सायकलींचा वापर वेगाने घसरला, आणि १९७१ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर मुलांचे हे मृत्यू थांबवा, असे म्हणत पालक आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, त्यांनी वाहतूक अडवली, नकाशे काढून नगरपालिकांपुढे ठेवले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने मोटारींविना रविवार पाळायला लावले. आणि मग कित्येक वर्षे अंदाजपत्रके, वेगमर्यादा, चौकांची पुनर्रचना, स्वतंत्र मार्गिका अशा कंटाळवाण्या कामांतून आजचे चित्र उभे राहिले. त्यातले बहुतेक काम कुणाचेही मन वळवण्याचे नव्हते, रस्ता आखण्याचे होते. आज तिथे सायकलवर बसणाऱ्या माणसाला पर्यावरणाची फार चिंता असलीच पाहिजे असे नाही. त्याला ते सर्वांत सोयीचे पडते.

याच्या उलट टोकाला काळावर भरवसा ठेवणारे असतात. मेलबर्न विद्यापीठातील योशिहिसा काशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजबदलाविषयीच्या लोकसमजुतींचा अभ्यास केला, तेव्हा एक ठळक धारणा पुढे आली : समाज परंपरेकडून आधुनिकतेकडे जणू नैसर्गिक ओघाने जातो, त्या ओघात माणसे अधिक कर्तबगार होतात आणि त्यांच्यातला जिव्हाळा मात्र कमी होतो. या धारणेतून पाहिले, की शाश्वत राहणी एकतर मागे जाणे वाटते, किंवा पुढे कधीतरी तंत्रज्ञान घेऊन येईल अशी गोष्ट वाटते. सौर पॅनेलच्या किमती २०१० ते २०२० या काळात सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, हा काळावर भरवसा ठेवणाऱ्यांचा आवडता पुरावा. त्या उतरण्यामागे सौरविजेसारख्या विजेला ठरावीक खरेदीदराची हमी देणारा, जर्मनीने २००० साली केलेला कायदा आणि चीनने कारखानदारीत ओतलेला पैसा होता, आणि हे दोन्ही राजकीय निर्णय होते, हे मात्र त्या पुराव्यातून सहसा गळलेले असते.

आता मूळ वाक्याच्या उत्तरार्धाकडे येतो, कारण माझ्या मते खरा घोळ तिथे आहे : ‘पण सगळे कुठे मनावर घेणार?’ हे इतरांविषयीचे विधान आहे, आणि ते मोजून पाहता येते. पीटर आन्द्रे आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी १२५ देशांतल्या सुमारे १,३०,००० लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला. तापमानवाढ रोखण्यासाठी घरच्या मासिक उत्पन्नाचा एक टक्का द्यायला तयार आहात का, असे विचारल्यावर ६९ टक्के लोकांनी होकार दिला. सरकारने अधिक काही करावे असे ८९ टक्क्यांना वाटत होते. त्याच लोकांना विचारले, की तुमच्या देशातले शंभरातले किती जण असा एक टक्का द्यायला तयार होतील. त्यांचा सरासरी अंदाज ४३ निघाला. अमेरिकेत ग्रेग स्पार्कमन आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली असेच काहीसे दाखवले होते : हवामानविषयक धोरणांना प्रत्यक्षात ६६ ते ८० टक्के लोकांचा पाठिंबा होता, आणि लोकांना तो ३७ ते ४३ टक्केच आहे असे वाटत होते. बहुमत असलेली माणसे स्वतःला अल्पमतात समजून गप्प बसत होती, आणि ती गप्प असल्यामुळे शेजारच्यालाही आपण एकटेच आहोत असे वाटत होते.

एक आक्षेप इथे घ्यायलाच हवा. मुलाखतीत होकार देणे सोपे असते आणि खिशात हात घालणे अवघड असते. एक टक्का म्हणणाऱ्या ६९ जणांपैकी प्रत्यक्ष किती देतील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आक्षेप रास्त आहे. तरीही अंदाजातली चूक त्याने पुसली जात नाही, कारण ‘लोक काय म्हणतील’ याचाच अंदाज लोकांना नीट बांधता आलेला नाही. आणि हा अंदाज क्षुल्लक नाही, कारण इतरांच्या वागण्याचा आपल्यावर होणारा परिणाम आपल्याला मुळीच दिसत नाही. जेसिका नोलन, वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट चाल्डीनी आणि सहकाऱ्यांनी २००८ साली कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वीज का वाचवता, असे विचारल्यावर लोकांनी पर्यावरण, समाजहित, पैशांची बचत अशी कारणे सांगितली आणि ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे कारण सर्वांत खाली ठेवले. पण कोण खरोखर किती वीज वाचवतो, याच्याशी सर्वांत घट्ट जुळणारी गोष्ट होती ती शेजारी कितपत वाचवतात याविषयीची त्यांची समजूत. आपण स्वतःला तत्त्वाने चालणारे समजतो आणि शेजाऱ्याकडे पाहून चालतो. यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. माणसे एकमेकांकडे पाहून शिकली नसती तर भाषाही तयार झाली नसती.

इथे स्पार्कमन यांनी ग्रेगरी वॉल्टन यांच्यासह २०१७ साली केलेला एक प्रयोग आठवतो. एका उपाहारगृहात रांगेत उभ्या असलेल्या काही ग्राहकांना सांगितले, की ३० टक्के अमेरिकी लोक मांस कमी खाण्याचा प्रयत्न करतात. दुसऱ्या गटाला सांगितले, की अलीकडच्या काळात ३० टक्के लोक तसा प्रयत्न करू लागले आहेत. आकडा तोच, फरक एवढाच, की दुसऱ्या वाक्यात गोष्ट पुढे सरकताना दिसत होती. दुसऱ्या गटात मांसाविना जेवण मागवणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटाच्या जवळपास दुप्पट निघाले. एका प्रयोगावर इमला बांधू नये, हे खरे; पण अजून अल्पमतात असलेली गोष्टही ती वाढते आहे असे कळल्यावर माणसाला जवळची वाटू शकते, हे ‘सगळे’ येईपर्यंत थांबणाऱ्या सिद्धांतात मुळीच बसत नाही.

बेरजेच्या सिद्धांताला सर्वांत मोठा धक्का मात्र स्टॉकहोमने दिला आहे, आणि त्याचा तपशील सांगण्याजोगा आहे. शहराच्या मध्यभागात मोटारीने येण्या-जाण्यावर शुल्क लावायचे, आणि तेही गर्दीच्या वेळी अधिक, अशी कल्पना तिथे निघाली तेव्हा बहुसंख्य नागरिक तिच्या विरोधात होते. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात ती प्रायोगिक स्वरूपात राबवण्यात आली. शुल्काच्या सीमेवरून जाणारी वाहतूक सुमारे एकपंचमांशाने घटली. सप्टेंबर २००६ मध्ये शहरात सार्वमत झाले, तेव्हा कौल थोड्या फरकाने का होईना शुल्काच्या बाजूने गेला. ऑगस्ट २००७ पासून ते कायमचे झाले आणि पुढच्या काही वर्षांत पाठिंबा सुमारे दोनतृतीयांशांच्या वर गेला. आधी शुल्क आले, मग वाहतूक बदलली, आणि मन त्यानंतर बदलले. लोकांचे मन वळेपर्यंत थांबायचे असे ठरले असते, तर ते कधी वळले नसते, कारण कमी गर्दीचे शहर कसे असते याचा अनुभवच कुणाजवळ नव्हता.

या प्रकल्पाचा अभ्यास करणारे वाहतूकतज्ज्ञ युनास एलियासन यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. हजारो गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या होत्या, म्हणजे त्या चालवणाऱ्या कोणीतरी काहीतरी वेगळे करायला सुरुवात केली होती. परंतु आपण आपला प्रवास बदलला, याचे भान त्यांतल्या पुष्कळांना नव्हते. मताचेही तसेच : पूर्वी विरोधात असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपण पहिल्यापासून बाजूनेच होतो असे वाटू लागले होते. मला वाटते, सामान्य माणसाला समाजबदल नीट समजत नाही याचे मुख्य कारण इथे सापडते. यशस्वी झालेला बदल आपल्या खुणा ठेवत नाही. फसलेल्या प्रयत्नांच्या कथा राहतात, चर्चेत त्याच पुढे येतात, आणि जे साधले ते इतके नेहमीचे होऊन जाते की त्याला बदल म्हणावे हेच कुणाला सुचत नाही.

उदाहरणे थोडी नाहीत. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून कामाच्या सर्व बंदिस्त जागांत धूम्रपानाला बंदी केली आणि संपूर्ण देशभर असे करणारा तो पहिला देश ठरला. तेव्हा ही बंदी टिकणार नाही असे सांगणारे पुष्कळ होते, आज ती उठवा म्हणणारे शोधावे लागतील. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत १९२०च्या दशकात सुरू झाली आणि २०२१ साली अल्जेरियातली विक्री थांबल्यावर रस्त्यांवरच्या मोटारींपुरती ती जगातून संपली. कोट्यवधी वाहनचालकांपैकी शिशाचा त्याग करण्याचा निश्चय कुणीही केला नव्हता. पंपावर मिळणारे इंधन बदलले. ओझोनच्या थरावर अंटार्क्टिकात पडणाऱ्या छिद्राची नोंद जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जॉन शँक्लिन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली, १९८७ मध्ये ओझोनला घातक रसायने आवरणारा माँट्रियलचा करार झाला, पुढे जगातले सर्व देश त्यात आले, आणि करारातल्या घातक रसायनांपैकी सुमारे ९९ टक्के आता वापरातून गेली आहेत. ‘ओझोनचे ते पुढे काय झाले?’ असे लोक कधीमधी विचारतात, आणि विचारताना त्यांचा स्वर बहुधा असा असतो, की ती भीतीच खोटी होती.

खुणा न राहण्याचे दुसरे कारण निसर्गाच्या स्वतःच्या संथपणात आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८०च्या पातळीवर परतायला २०६६च्या आसपासचा काळ लागेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कराराच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर ऐंशीच्या उंबरठ्यावर असेल. कार्बनचे तर याहून अवघड. जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वातावरणातला कार्बन डायऑक्साइड स्थिर करायचा तर उत्सर्जन किती ठेवावे लागेल, ते आलेखावर काढायला सांगितले. बहुतेकांनी असा आलेख काढला, की बाहेर जाण्यापेक्षा आत येणारा वायू सतत जास्त आहे आणि तरीही एकूण साठा स्थिर आहे. टाकीतून निघून जाणाऱ्या पाण्यापेक्षा नळाचे पाणी जास्त असेल तर टाकी भरतच राहणार, हे व्यवहारात ज्यांना सांगावे लागत नाही, अशा बुद्धिमान माणसांची ही गोष्ट आहे. या चुकीचा परिणाम फक्त गणितापुरता राहत नाही. नळ थोडा आवळला की पातळी लगेच खाली येईल अशी ज्याची अपेक्षा असते, तो काही वर्षे प्रयत्न झाल्यावरही तापमान वाढतेच आहे हे पाहून म्हणतो, की बघा, काही उपयोग झाला नाही. प्रयत्न फसला, की प्रयत्नाचे फळ दिसायची वेळ आलेली नाही, हे त्याला वेगळे करता येत नाही.

इथवर मी सामान्य माणसाच्या समजुतीतले दोषच सांगत आलो, पण एका बाबतीत त्याची समजूत तज्ज्ञांपेक्षा पक्की आहे, असे मला वाटते. बदलाचा खर्च कोणाच्या माथी पडणार, हे त्याला लगेच कळते. फ्रान्समध्ये इंधनावरचा कर वाढत होता आणि जानेवारी २०१९ पासून तो आणखी वाढायचा होता, तेव्हा १७ नोव्हेंबर २०१८ रोजी पिवळी जॅकिटे घातलेली माणसे चौकाचौकांत उतरली आणि डिसेंबरात सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. परदेशी वृत्तपत्रांतून त्याचा अर्थ ‘लोकांना पर्यावरण नको आहे’ असा लावला गेला. पण लहान गावात राहणारा, कामासाठी रोज दूरवर मोटारीने जाणारा आणि दुसरे कोणतेही साधन नसलेला माणूस जेव्हा म्हणतो की श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढला आणि हा कर माझ्यावर लावला, तेव्हा तो समाजबदलाविषयी अतिशय नेमके बोलत असतो. स्टॉकहोमच्या प्रयोगाआधी काही महिने तिथे नव्या बसगाड्या आणि वाढीव फेऱ्या सुरू करण्यात आल्या होत्या, हा तपशील या ठिकाणी लक्षात घ्यावा. परिस्थिती आधी आणि मन मागाहून, असे मी वर म्हटले. परंतु कोणतीही परिस्थिती लादली की मन आपोआप मागे येते, असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये.

त्या आंदोलनानंतर फ्रान्सने जे केले, ते या विषयात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. १५० नागरिक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने निवडण्यात आले. वय, शिक्षण, व्यवसाय, प्रदेश या दृष्टींनी ते एकूण लोकसंख्येशी मिळतेजुळते असावेत, याची काळजी घेतली गेली. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत देशाचे उत्सर्जन निदान ४० टक्क्यांनी, आणि तेही सामाजिक न्याय राखून, कसे कमी करता येईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. ऑक्टोबर २०१९ ते जून २०२० या काळात ते अनेक आठवडाअखेरींना एकत्र बसले, तज्ज्ञांना त्यांनी प्रश्न विचारले, आपसात वाद घातले आणि १४९ सूचना दिल्या. त्या सूचना वाचताना जाणवते ते असे, की ‘सगळ्यांनी मनावर घेतले तर’ हा सूर त्यांत फारसा उरलेला नाही. घरांच्या दुरुस्तीची सक्ती कोणत्या वर्षापर्यंत आणि तिला मदत कोणत्या उत्पन्नगटाला, महामार्गांवरची वेगमर्यादा ताशी १३० वरून ११० किलोमीटर करावी का, रेल्वेचा पर्याय असलेली देशांतर्गत विमानसेवा कधी बंद करावी, कोणत्या वस्तूंच्या जाहिरातींवर बंधन असावे, अशा गोष्टींवर ती माणसे बोलत होती. ती पर्यावरणाची पदवीधर नव्हती. त्यांना पुरेसा वेळ मिळाला होता, खरी माहिती मिळाली होती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समोरच्या अनोळखी माणसाला काय वाटते याचा अंदाज बांधण्याऐवजी ते त्याच्याच तोंडून ऐकायला मिळाले होते.

राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्रों यांनी त्यांतल्या तीन सूचना लगेच बाजूला ठेवल्या, ११० किलोमीटरची वेगमर्यादा त्यांतलीच एक. उरलेल्यांपैकी अनेक सूचना कायद्याच्या मसुद्यापर्यंत पोहोचताना सौम्य झाल्या किंवा गळाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते नागरिक शेवटचे एकत्र जमले आणि सरकारने आपल्या सूचनांचे काय केले याला त्यांनी गुण दिले. दहापैकी सरासरी चारही गुण सरकारला मिळाले नाहीत.